धावत्या हाताचे अक्षर

सोळाव्या-सतराव्या शतकांतली युरोपीय छापील पुस्तके चाळली तर एक रिवाज पुन्हा पुन्हा दिसतो. मुख्य ग्रंथ उभ्या रोमन अक्षरात असतो. त्याच्या आधीची अर्पणपत्रिका, वाचकांस निवेदन, मित्रमंडळींनी लिहून दिलेल्या स्तुतिपर कविता असा सगळा दारातला मजकूर मात्र बऱ्याचदा इटॅलिकमध्ये असतो. ग्रंथाचा आवाज कोणता आणि ग्रंथाविषयी बोलणाऱ्याचा कोणता, हे एक शब्दही न वाचता कळावे अशी ती सोय होती. त्या हिशेबाने इटॅलिकच्या नमुन्यांच्या पुस्तिकेची ही प्रस्तावनाही इटॅलिकमध्येच छापायला हवी. ती तशी छापलेली नाही, आणि देवनागरीत ती तशी छापणे शहाणपणाचेही नाही. याचे कारण सांगायचे तर व्हेनिसपासून सुरुवात करावी लागते.

त्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवू. आपल्यापैकी बहुतेकांची इटॅलिकशी ओळख संगणकाच्या पडद्यावर होते. तिथे 'आय' अक्षराचे एक बटण असते, ते दाबले की मजकूर उजवीकडे कलतो. त्यामुळे इटॅलिक म्हणजे कललेले अक्षर, ही समजूत पक्की झाली आहे. खरे तर कल ही इटॅलिकच्या लक्षणांतली सर्वांत दुय्यम गोष्ट. इंग्रज शिल्पकार आणि अक्षरकार एरिक गिल याने १९३० साली 'जोआना' नावाचा टाइप केला. त्याच्या इटॅलिकचा कल जेमतेम ३ अंश आहे, म्हणजे जवळजवळ उभेच. तरीही ते इटॅलिक आहे याविषयी कुणाला शंका येत नाही. उलट एखादे रोमन अक्षर १५ अंशांनी वाकवले तरी ते फक्त वाकडे रोमनच राहते.

फरक घडणीत असतो. उभ्या रोमन लहान 'ए'ला वर छपरासारखा बाक असतो. इटॅलिकमध्ये तो जातो आणि शाळेत पाटीवर काढतो तसा एका झोक्यातला 'ए' राहतो. 'एफ' ओळीखाली शेपूट सोडतो. रोमन अक्षरांच्या पायांशी असलेल्या आडव्या, सपाट बैठकी, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्या इथे जवळपास नाहीशा होतात. त्यांच्या जागी लेखणी कागदावर टेकताना आणि उचलताना उमटणारे छोटे आकडे येतात, आत येणारा एक आणि बाहेर पडणारा एक. अक्षरे अरुंद होतात, कारण वेगाने लिहिणारा हात गोलाई आवरती घेतो. थोडक्यात, रोमन अक्षर दगडावर कोरलेल्या लेखांची आणि सावकाश लिहिलेल्या पोथ्यांची आठवण ठेवते, तर इटॅलिकमध्ये उतरलेला असतो तो धावता हात. या पुस्तिकेतला प्रत्येक नमुना पाहताना कलाच्या आधी हा हात शोधावा, एवढीच माझी विनंती.

तो हात छपाईच्या आधीचा आहे. पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात फ्लॉरेन्समध्ये निकोलो निकोली या ग्रंथवेड्या गृहस्थाने प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या नकला स्वतः उतरवताना एक भरभर लिहिता येईल असे वळण घडवले. विद्वानांनी ते उचलले. पादुआचा बार्तोलोमेओ सानव्हितो याच्यासारख्या लेखनिकाच्या हाती त्याला इतकी ऐट आली की धनिक मंडळी मुद्दाम त्या वळणात पोथ्या लिहून घेऊ लागली. रोममध्ये पोपच्या दफ्तरातल्या कारकुनांनी त्याचेच एक रूप आपलेसे केले. म्हणजे घाईसाठी जन्मलेले वळण शंभर वर्षांच्या आत प्रतिष्ठेचे झाले.

व्हेनिसचा आल्दुस मानुतिउस हा मुळात ग्रीक-लॅटिनचा शिक्षक, चाळिशी उलटल्यावर छापखान्यात शिरलेला. त्याच्याकडे ठसे कोरणारा होता बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो. १५०० साली निघालेल्या सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रसंग्रहातल्या एका चित्रात या नव्या अक्षरातले मोजके शब्द पहिल्यांदा दिसले. पुढच्या वर्षी, एप्रिल १५०१ मध्ये, व्हर्जिलचे काव्य संपूर्णपणे त्याच अक्षरात छापून आले. आकार हातात धरून वाचता येईल असा, भोवती टीका-टिप्पणीचे रान नाही, पानावर फक्त कविता. त्याच वर्षी पेत्रार्क आला, १५०२ मध्ये दान्ते.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या पुस्तकांत इटॅलिक कुणाच्या मदतीला आलेले नव्हते. सबंध मजकूरच त्यात होता. कॅपिटल अक्षरे तर ग्रिफोने कललेली कोरलीच नाहीत. छोटी उभी रोमन कॅपिटल्स ओळीच्या आरंभी, थोडी जागा सोडून, पहारेकऱ्यांसारखी उभी केली. हस्ताक्षरातले जोड जसेच्या तसे यावेत म्हणून साठाच्या वर जोडखिळे केले. छपाईच्या इतिहासाच्या पुस्तकांत हटकून लिहिलेले असते की इटॅलिक कागद वाचवण्यासाठी निघाले. अरुंद अक्षर आहे, तेव्हा थोडा कागद वाचत असेलही. पण ज्याला कागदच वाचवायचा आहे तो जोडखिळ्यांचा एवढा पसारा कशाला मांडेल? कवितेच्या ओळीला तर उजवीकडे तशीही मोकळी जागा राहते. मला दुसरे कारण अधिक पटते. त्या काळचा सुशिक्षित वाचक स्वतः तसाच लिहीत असे. छापील पुस्तक एखाद्या विद्वान मित्राने आपल्यासाठी उतरवून दिल्यासारखे वाटावे, ही त्यातली खुबी होती. इरॅस्मसने १५०७ मध्ये आल्दुसला पत्र लिहून, आपले युरिपिडीसचे भाषांतर याच बारीक अक्षरांत निघावे अशी इच्छा कळवली, ती काटकसरीपोटी नव्हे.

यश आले की नक्कल आलीच. आल्दुसने व्हेनिसच्या सत्तेकडून या अक्षराचे हक्क मिळवले, पण ते हक्क फ्रान्समध्ये कोण विचारतो? लिआँच्या छापखान्यांनी तसेच अक्षर, तोच आकार आणि तेच ग्रंथ बाजारात आणले. चिडलेल्या आल्दुसने १५०३ मध्ये एक जाहीर पत्रक काढले. नकली प्रती ओळखाव्या कशा, त्यांतल्या चुका कोणत्या, हे त्यात तपशीलवार सांगितले. लिआँकरांनी ते पत्रक शांतपणे वाचले आणि त्यावरून आपल्या चुका दुरुस्त करून घेतल्या. मुद्रितशोधनाचे काम फुकटात करून दिल्याचे असे उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

ग्रिफोची कथा याहून कडू आहे. सगळे श्रेय आणि सगळे हक्क आल्दुसच्या नावावर जमा झाले, तेव्हा दोघांचे फाटले. तो फानो गावी गेर्शोम सोन्चिनो या ज्यू मुद्रकाकडे गेला. सोन्चिनोने १५०३ च्या आपल्या पेत्रार्कच्या अर्पणपत्रिकेत स्पष्ट लिहिले, की या अक्षराचा खरा जनक आल्दुस नव्हे, ग्रिफो. पुढे ग्रिफो बोलोन्याला परतला, स्वतःची काही छोटी पुस्तके काढली, आणि लोखंडी गजाने जावयाचा खून केल्याच्या आरोपानंतर कागदपत्रांतून नाहीसा झाला. छापखाना काढणाऱ्याचे नाव राहते, ठसे कोरणाऱ्याचे जाते, हे आपल्याकडेही घडले. निर्णयसागरच्या टाइपाची कीर्ती जावजी दादाजींच्या नावाने अजून सांगितली जाते. त्याचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू हे नाव मात्र जाणकारांपुरते उरले आहे.

पण सौंदर्याच्या दृष्टीने पाहिले तर ग्रिफोचे इटॅलिक मला थोडे दाटीवाटीचेच वाटते. ज्याला देखणे इटॅलिक म्हणतात त्याचा उगम रोममध्ये आहे. लुदोविको देली आरिगी हा पोपच्या दफ्तरातला लेखनिक. त्याने 'ला ओपेरिना' ही सुलेखनाची छोटी पुस्तिका काढली, तिच्यावर १५२२ साल आहे. तिची पाने उगो दा कार्पी याने लाकडी ठोकळ्यांवर कोरली. लेखणीचे वळण लाकडात उलटे कोरायचे आणि तरी ते कागदावर लेखणीचेच दिसले पाहिजे, हे काम किती कठीण असेल याची कल्पना पुस्तिकेतली ती पाने पाहून येईल. दोन वर्षांनी आरिगीने छापखाना घातला. त्याचे ठसे लाउतित्सिओ पेरुजिनो या सोनाराने कोरले. मुद्रा घडवण्यात हा इतका तरबेज होता की बेनवेनुतो चेल्लिनीसारख्या स्वतःवर खूश असणाऱ्या माणसानेही आत्मचरित्रात त्याची वाखाणणी केली.

आरिगीच्या अक्षराचे मर्म त्याच्या वरच्या काड्यांत आहे. 'बी', 'डी', 'एल', 'एच' यांच्या काड्या उंच जातात आणि टोकाशी उजवीकडे हलक्याने झुकतात. अक्षराचे अंग लहान, काड्या लांब, म्हणून दोन ओळींत भरपूर अंतर सोडावे लागते आणि पानाला आपोआप मोकळीक येते. देखणेपणा अक्षरात जेवढा आहे तेवढाच त्या सोडलेल्या जागेत आहे. हे अक्षर खर्चिक होते, हे उघड आहे. १५२७ मध्ये सैन्याने रोम लुटले त्यानंतर आरिगीचा मागमूस लागत नाही. त्याच्या घाटाचे अक्षर आंतोनिओ ब्लादो या रोमच्या मुद्रकाने पुढे चालवले. माकियावेलीचा 'प्रिन्स' १५३२ मध्ये छापणारा तो हाच.

यानंतर इटॅलिकची पायरी उतरली. कललेली कॅपिटल्स आली, फ्रान्समध्ये रोबेर ग्राँजाँ याने एकामागून एक झळाळती इटॅलिक कोरली, आणि हळूहळू रोमन हा मुख्य व इटॅलिक हा त्याचा जोडीदार अशी व्यवस्था युरोपभर रूढ झाली. आज 'गारामाँ' नावाने मिळणाऱ्या कित्येक अक्षरसंचांत रोमन गारामाँ या कारागिराच्या अक्षरावर बेतलेले असते आणि इटॅलिक ग्राँजाँच्या. मूळचे दोन स्वतंत्र कारागीर, त्यांचा संसार नंतरच्यांनी लावून दिला.

दुय्यम झाल्यावर मात्र त्याच्यावर जी कामे पडली ती थक्क करणारी आहेत. १५६० च्या जिनीव्हा बायबलात मुळात नसलेले पण इंग्रजी वाक्य पुरे होण्यासाठी घातलेले शब्द इटॅलिकमध्ये आहेत. भाषांतरकाराचा हा प्रामाणिकपणा निव्वळ अक्षरवळणाने साधला आहे, तळटीप नाही, कंस नाही. वनस्पतिशास्त्रात आंब्याचे 'मँजिफेरा इंडिका' हे नाव इटॅलिकमध्ये, पण त्यामागचे लिनियसचे आद्याक्षर उभे, आणि कुळाचे नाव बहुधा उभेच. गणितात बदलत्या राशी इटॅलिक, पण 'साइन', 'लॉग' ही फलने उभी. भौतिकशास्त्रात हा भेद पाळला नाही तर अनर्थच, कारण इटॅलिक 'एम' म्हणजे वस्तुमान आणि उभा 'एम' म्हणजे मीटर. याशिवाय ग्रंथांची, नियतकालिकांची आणि जहाजांची नावे, नाटकातल्या रंगसूचना, खटल्यांची नावे, वाक्यातला जोर. आणि आधीच इटॅलिक असलेल्या वाक्यात ग्रंथनाम आले की ते उलट उभे करायचे. या सगळ्यांचे नियम पुढे उदाहरणांसह दिले आहेत, इथे घोळत नाही.

एका वापराबद्दल मात्र माझे मत नोंदवतो. इंग्रजी छपाईत परका शब्द इटॅलिकमध्ये टाकायची पद्धत आहे. त्यामुळे भारतीय लेखकाच्या इंग्रजी कादंबरीत 'वहिनी', 'भाकरी', 'ओटी' हे शब्द वर्षानुवर्षे कलून उभे राहिले, जणू सांगणाऱ्यालाच ते परके आहेत. अलीकडे अनेक लेखक याला नकार देतात आणि प्रकाशकही ऐकतात. मला तो नकार योग्य वाटतो. सांगणाऱ्या पात्राच्या तोंडी जो शब्द घरचा आहे तो उभाच असावा. संशोधनग्रंथात मात्र 'बलुतं' किंवा 'वतन' अशा संज्ञेचा पहिला उल्लेख इटॅलिकमध्ये असला तर वाचकाची सोयच होते. तिथे हट्ट नको.

विसाव्या शतकात एक गंमत झाली. स्टॅन्ली मॉरिसन या छपाईच्या मोठ्या अभ्यासकाने १९२६ मध्ये 'द फ्लेऊरॉन' या नियतकालिकात असा युक्तिवाद केला, की इटॅलिक दुय्यमच असायचे तर त्याने हस्ताक्षराचा एवढा तोरा कशाला मिरवावा? रोमनच थोडे कलवा, काम भागेल. युक्तिवादात खोट काढणे कठीण होते. हॉलंडच्या यान व्हान क्रिंपेनने 'रोम्युलस' टाइपात तसे कलते रोमन करून पाहिलेही. पण डोळ्यांना ते रुचले नाही. १९३२ मध्ये मॉरिसनच्याच देखरेखीखाली 'टाइम्स' वृत्तपत्रासाठी टाइप झाला, त्यातले इटॅलिक जुन्या वळणाचेच निघाले. तर्काने जिंकलेला वाद पानावर हरला.

आणि गंमत अशी की आरिगीला पुन्हा उजेडात आणणाऱ्यांतही मॉरिसनच आघाडीवर होता. त्याचा अमेरिकन सोबती फ्रेडरिक वॉर्ड याने पॅरिसमध्ये हाताने ठसे कोरून घेतले आणि १९२५ मध्ये 'आरिगी' टाइप सिद्ध झाला. रॉबर्ट ब्रिजेसच्या कवितांचे छोटे पुस्तक त्यात निघाले. पुढे ब्रूस रॉजर्सच्या 'सेंटॉर' या अप्रतिम रोमनला इटॅलिक हवे होते. रॉजर्सने स्वतः ते काढले नाही, वॉर्डचे मागून घेतले, आणि १९२९ मध्ये मोनोटाइप कंपनीने दोन्ही एकत्र आणली. याच सुमारास आल्फ्रेड फेअरबँक या सुलेखनकाराने 'बेंबो' टाइपासाठी एक अरुंद, तेजस्वी इटॅलिक काढले होते. ते नाकारले गेले. कारण विचित्र होते: ते फारच चांगले होते. रोमनशेजारी बसून मुकाट्याने काम करणे त्याला जमले नसते. शेवटी ते स्वतंत्र अक्षर म्हणून निघाले आणि बेंबोला एक शांत इटॅलिक मिळाले. इटॅलिक निवडताना हा प्रसंग लक्षात ठेवावा. कवितासंग्रह, निमंत्रण, मानपत्र, मद्याच्या बाटलीवरची चिठ्ठी यांना आरिगीच्या कुळातले, स्वतःचा दिमाख असलेले अक्षर शोभते. चारशे पानी इतिहासग्रंथातल्या ग्रंथनामांना शोभत नाही.

महाराष्ट्रात आरिगीचे वारस कुठे भेटतात? लग्नपत्रिकेवर. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर संगणकांवर आलेला 'मोनोटाइप कॉर्सिव्हा' हा पॅट्रिशिया सॉन्डर्सने आरिगीवरूनच बेतलेला. डीटीपीच्या दुकानांत इंग्रजी पत्रिका, शाळेची प्रशस्तिपत्रके, डॉक्टरांच्या पाट्या यांसाठी तो इतका वापरला गेला की अनेकांच्या मनात 'स्टायलिश इंग्रजी' म्हणजे तेच. त्याचा सगळ्यांत मोठा छळ होतो तो वधूवरांची सबंध नावे त्यातल्या कॅपिटल्समध्ये जुळवताना. ही कॅपिटल्स शब्दाच्या आरंभी एकटीने मिरवण्यासाठी काढलेली असतात. दहाजणी ओळीने उभ्या केल्या की प्रत्येकीचा पदर दुसरीत अडकतो आणि नाव वाचता येत नाही. एवढी एक सूचना दुकानदारांनी पाळली तरी या पुस्तिकेचे काम झाले.

आता देवनागरी. तिच्या छपाईत इटॅलिक कधी नव्हतेच. ग्रंथनामाला एकेरी अवतरणचिन्ह, जोर द्यायला ठळक टाइप, वेगळा आवाज दाखवायला लहान आकार किंवा समास, एवढ्यावर मराठी पुस्तके उत्तम चालली. बटणाने आणलेला कल देवनागरीला मानवत नाही, आणि त्याची कारणे शुद्ध घडणीची आहेत. शिरोरेघ आडवीच राहते आणि तिच्याखालचे काने तिरपे होतात. दोरीवर घातलेले कपडे वाऱ्याने एका अंगाला उडावेत तसा शब्द दिसतो. वेलांट्या आणि मात्रा मुळातच तिरक्या, त्या शेजारच्या अक्षरावर जाऊन पडतात. शिवाय बोरूचा काप लॅटिन लेखणीच्या उलट दिशेने असतो, त्यामुळे जाड-बारीक रेघांची वाटणीच निराळी. लॅटिन हाताचा कल देवनागरीवर लादला की जाडी भलत्या जागी दिसू लागते. र. कृ. जोशींच्या हातून घडलेला 'मंगल' टाइप असो की दुसरा कुठला, बटण त्याला फक्त मोडते. 

मग धावता हात आपल्याकडे नव्हता का? होता, आणि तोही दफ्तरातलाच. मोडी म्हणजे आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता खाली अक्षरे सोडत जायची. तिचे खिळेही झाले. विल्यम केरीचा १८१० चा मराठी कोश श्रीरामपूरला मोडी टाइपात छापला गेला. पण छपाईने पसंत केले बालबोधला, आणि मोडी सरकारी कागदांत राहून पुढे तिथूनही गेली. त्यामुळे मोडीतून देवनागरीचे इटॅलिक काढावे, हा तरुण अक्षरकारांकडून अधूनमधून ऐकू येणारा विचार मला आकर्षक वाटतो, पण पटत नाही. ग्रिफोच्या वाचकाला दोन्ही वळणे येत होती, कारण तो स्वतः रोज तसेच लिहीत होता. आजच्या मराठी वाचकाला मोडी वाचता येत नाही. त्याचा धावता हात दुसरा आहे: शिरोरेघ गाळणारा किंवा शब्द संपल्यावर एका फटक्यात ओढणारा, काना पुढच्या अक्षरात वळवणारा, 'र' आणि 'त' यांचे कोपरे गोल करून टाकणारा, वहीतला आणि पोस्टकार्डावरचा बालबोध. देवनागरीची जोडीदार अक्षरे शोधायची तर ती तिथे शोधावीत, आणि ती कललेली असतीलच असे नाही.

असे काम होईपर्यंत या पुस्तिकेत आम्ही पुढीलप्रमाणे केले आहे. ग्रंथनामे एकेरी अवतरणात आहेत. जोर द्यायचा शब्द शक्यतो वाक्यरचनेतूनच पुढे आणला आहे, अगदीच अडले तिथे ठळक टाइप वापरला आहे. नमुन्यांतली लॅटिन इटॅलिक मूळ आकारात आहेत, वाढवून दाखवलेली नाहीत, कारण आरिगीच्या ओळींतले अंतर वाढवलेल्या चित्रात कळत नाही. कललेली देवनागरी एकाच पानावर आहे, उभ्या मजकुराशेजारी, तुलनेसाठी.